अमेरिकी बिअर : नावडतीचे मीठ अळणी?

अमेरिकेत जी बिअर सर्वाधिक खपते, तीच जाणकारांच्या यादीत तळाला असते. आणि जाणकार जिची मुक्तकंठाने स्तुती करतात, ती बहुसंख्य अमेरिकनांनी कधी चाखलेलीही नसते. आवडीनिवडीतील या दरीमागे जिभेपेक्षा कायदा, धान्य, जाहिरात आणि बाजारपेठ यांचा हात किती, याचा हा वेध.

‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण घरातील राजकारणावरून आली असली, तरी अमेरिकेतील बिअरच्या बाजारपेठेला ती चपखल लागू पडते. तेथे दोन जगे शेजारी शेजारी नांदतात. एक जग कोट्यवधी सामान्य ग्राहकांचे. बेसबॉलचा सामना, अंगणातील मांसाची शेगडी आणि बर्फाने भरलेल्या पेटीतील पातळ, पिवळसर, थंडगार बिअर ही त्याची ओळख. दुसरे जग चोखंदळ रसिकांचे. बिअरचा वास, रंग, फेस आणि जिभेवर मागे रेंगाळणारी चव यांवर ते तासन् तास चर्चा करतात आणि प्रत्येक बिअरला गुण देतात.

या दोन जगांचे निकाल एकमेकांच्या नेमके उलट आहेत. घरच्या घरी बिअर तयार करणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींच्या संघटनेचे ‘झायमर्जी’ हे नियतकालिक देशातील सर्वोत्तम बिअर कोणती, यावर आपल्या वाचकांचा कौल घेत आले आहे. २००९ ते २०१६ अशी सलग आठ वर्षे या कौलात कॅलिफोर्नियातील सँटा रोझा येथील रशियन रिव्हर या छोट्या ब्रुअरीची ‘प्लिनी द एल्डर’ ही बिअर पहिली आली. २०१७ मध्ये मिशिगनच्या बेल्स ब्रुअरीच्या ‘टू हार्टेड’ने तिला मागे टाकले. खपाचे आकडे मात्र वेगळेच चित्र दाखवतात. २००१ मध्ये ‘बड लाइट’ने आपलीच थोरली बहीण ‘बडवायझर’ हिला मागे टाकून देशातील सर्वाधिक खपाची बिअर हा मान मिळवला आणि तो दोन दशकांहून अधिक काळ टिकवला. रसिकांच्या गुणपत्रिकेत याच ‘बड लाइट’सह ‘नॅचरल लाइट’, ‘कीस्टोन लाइट’, ‘मिलवॉकीज बेस्ट’ ही नावे हमखास तळाशी सापडतात.

मग चुकते कोण? कोट्यवधी ग्राहक, की मूठभर रसिक? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर आधी पेल्यात नेमके काय असते, हे पाहायला हवे.

पेल्यात काय असते?

बिअरचे मूळ घटक चारच. पाणी, सातू म्हणजेच बार्ली, हॉप्स या वेलीची फुले आणि यीस्ट. सातू भिजवून, त्याला मोड आणून, तो भट्टीत वाळवला की त्याचा ‘माल्ट’ होतो. माल्टमधील पिठूळ अंशाची गरम पाण्यात साखर होते. हे गोड पाणी हॉप्सबरोबर उकळले जाते आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट सोडले जाते. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क आणि वायू तयार करते. माल्टमुळे गोडवा आणि भरीवपणा येतो, तर हॉप्समुळे कडवटपणा आणि सुगंध.

यीस्टच्या जातीवरून बिअरचे दोन मोठे कुळाचार पडतात. ‘लागर’ थंड तापमानात, सावकाश आंबते आणि चवीला स्वच्छ, साधी असते. ‘एल’ तुलनेने उबेत, लवकर आंबते आणि तिला फळांसारखा सुगंध येतो. अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या बहुतेक बिअर लागर आहेत, तर रसिकांच्या पसंतीच्या यादीत एलचा भरणा आहे.

आता आकडे पाहू. अमेरिकेत बिअरचा डबा साधारण ३५५ मिलिलिटरचा असतो. ‘मिलर लाइट’च्या एका डब्यात ९६ कॅलरी आणि ४.२ टक्के मद्यार्क असतो. ‘बड लाइट’चा मद्यार्क तेवढाच, कॅलरी ११०. ‘बडवायझर’मध्ये मद्यार्क ५ टक्के. कडवटपणा मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय एकक आहे, त्यानुसार या बिअर दहाच्या आसपास किंवा त्याहून खाली असतात. याउलट ‘सिएरा नेवाडा पेल एल’चा मद्यार्क ५.६ टक्के आणि कडवटपणा ३८. ‘प्लिनी द एल्डर’चा मद्यार्क तर ८ टक्के, म्हणजे एका डब्यात जवळजवळ दुप्पट नशा.

थोडक्यात, पहिल्या प्रकारची बिअर तहान भागवण्यासाठी बनवलेली असते आणि दुसऱ्या प्रकारची घोट घोट चाखण्यासाठी. सरबत आणि काढा यांची तुलना करून काढा कडू म्हणून त्याला नाव ठेवावे किंवा सरबत पातळ म्हणून त्याला हिणवावे, तसाच हा वाद पुष्कळदा होतो.

तांदूळ आणि मका कोठून आला?

अमेरिकी बिअरवरचा सर्वांत जुना आक्षेप म्हणजे तिच्यातील भेसळ. ‘बडवायझर’मध्ये तांदूळ आणि ‘मिलर’, ‘कूर्स’ यांच्या बिअरमध्ये मका किंवा मक्याचा पाक वापरला जातो. पैसे वाचवण्यासाठी कंपन्या स्वस्त धान्य घालतात, असे सर्रास मानले जाते. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतून आलेल्या स्थलांतरितांनी लागर अमेरिकेत आणली. मिलवॉकी शहरात मिलर, पॅब्स्ट, श्लिट्झ आणि सेंट लुईसमध्ये आनहायझर-बुश ही घराणी त्यांतूनच उभी राहिली. त्यांच्यापुढे अडचण होती ती स्थानिक सातूची. अमेरिकेत पिकणाऱ्या सहा ओळींच्या कणसाच्या सातूत प्रथिनांचे प्रमाण युरोपातील दोन ओळींच्या सातूपेक्षा अधिक होते. त्यामुळे बिअर थंड केली की गढूळ दिसे. ग्राहकाला तर काचेच्या पेल्यातून आरपार दिसणारी, सोनेरी बिअर हवी होती. प्रथिने कमी असलेला मका किंवा तांदूळ मिसळल्यावर हा गढूळपणा जाई. १८७६ मध्ये बाजारात आलेली ‘बडवायझर’ ही अशीच तांदूळ घातलेली बिअर. तो काळ तिला हलक्या दर्जाची नव्हे, उंची बिअर मानत होता.

बंदीची तेरा वर्षे

१८७३ मध्ये अमेरिकेत चार हजारांहून अधिक ब्रुअरी होत्या. रेल्वे आणि बर्फघरांमुळे मोठ्या कंपन्या दूरवर माल पाठवू लागल्या, तशा लहान ब्रुअरी कमी होत गेल्या. खरा घाव घातला तो दारूबंदीने. अठराव्या घटनादुरुस्तीनुसार जानेवारी १९२० पासून देशभर मद्यनिर्मिती बंद झाली आणि डिसेंबर १९३३ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती उठेपर्यंत तेरा वर्षे लोटली.

या काळात तगले ते ज्यांच्याकडे दुसरा धंदा करण्याइतके भांडवल होते. आनहायझर-बुशने यीस्ट आणि माल्टचा पाक विकला, पेनसिल्व्हेनियातील १८२९ पासूनच्या युएन्गलिंगने आइस्क्रीम काढले, कूर्सने चिनी मातीची भांडी घडवली, पॅब्स्टने चीज तयार केले. शेकडो लहान कारखान्यांची दारे मात्र पुन्हा उघडलीच नाहीत. एका अख्ख्या पिढीला चांगली बिअर म्हणजे काय, हे ठाऊकच राहिले नाही. बंदी उठल्यावर, त्या पिढीला थंड गोड शीतपेयांची सवय लागलेली असताना, सौम्य बिअरलाच गिऱ्हाईक मिळाले.

पुढची चार दशके ही गिळंकृत करण्याची आणि गिळंकृत होण्याची होती. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा खर्च झेपेल तोच टिकला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण देशात शंभरांहूनही कमी ब्रुअरी उरल्या होत्या आणि त्यांतील बहुतेकांची बिअर एकसारखीच लागत होती.

त्यातच ‘लाइट’ बिअर आली. यीस्टला न पचणारी शर्करा खास विकरांच्या साहाय्याने मोडली, की तिचेही मद्यार्कात रूपांतर होते. मग ही बिअर पाण्याने सौम्य केली, की कॅलरी घटतात. १९६७ मध्ये ‘डाएट बिअर’ या नावाने असा माल आणला गेला, तेव्हा तो सपशेल आपटला, कारण पथ्याची बिअर कोणालाच नको होती. १९७५ मध्ये मिलरने तेच तंत्र वापरले. पण जाहिरातीत धिप्पाड निवृत्त खेळाडू उभे केले आणि ‘चवीला उत्तम, पोटाला हलकी’ असा दुहेरी दावा केला. बिअर खपली. पथ्य तेच, फक्त त्याचे नाव बदलले होते.

आवडतीची नावडती झाली ती अशी

चव बिघडली तर ग्राहकाला कळतच नाही, असे मात्र नाही. श्लिट्झची कथा याचा पुरावा आहे. ‘मिलवॉकीला प्रसिद्धी मिळवून देणारी बिअर’ हे तिचे घोषवाक्य. विसाव्या शतकाच्या मध्यास ती देशातील सर्वाधिक खपाची बिअर होती आणि १९७० च्या दशकाच्या मध्यातही दुसऱ्या क्रमांकावर होती. खर्च कमी करण्यासाठी कंपनीने आंबवण्याचा काळ घटवला आणि माल्टचा काही भाग वगळून मक्याचा पाक वाढवला. पाठोपाठ बिअर गढूळ होऊ नये म्हणून वापरलेल्या एका रसायनाची फेस टिकवणाऱ्या दुसऱ्या घटकाशी प्रक्रिया झाली आणि बाटलीत पांढरे कण तरंगू लागले. १९७६ मध्ये सुमारे एक कोटी बाटल्या आणि डबे परत घ्यावे लागले. विश्वास गेला तो गेलाच. १९८२ मध्ये ही कंपनी डेट्रॉइटच्या स्ट्रोकडे गेली.

कूर्सची कथा नेमकी उलटी आहे. १९७० च्या दशकात कोलोरॅडोची ही बिअर मिसिसिपी नदीच्या पूर्वेला विकतच मिळत नसे. तिचे पाश्चरीकरण केलेले नसल्याने ती सतत थंड ठेवावी लागे. पूर्वेकडील लोक पश्चिमेच्या प्रवासाला गेले, की येताना तिच्या पेट्या आणत. ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा १९७७ चा गाजलेला चित्रपट कूर्सच्या चोरट्या वाहतुकीवरच बेतलेला आहे. पुढे ती देशभर मिळू लागली आणि तिच्याभोवतीचे वलय विरले. जे दुर्मिळ, ते रुचकर हा मनुष्यस्वभाव. आज रशियन रिव्हरची ‘प्लिनी द यंगर’ वर्षातून काही आठवडेच मिळते आणि तिच्यासाठी सँटा रोझाच्या रस्त्यावर तासन् तास रांगा लागतात, त्यामागेही तिच्या दर्जाबरोबर या स्वभावाचा वाटा आहेच.

कडवटपणाचे पुनरागमन

एकसुरी बिअरला कंटाळलेल्यांनी वेगळी वाट शोधली. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोतील डबघाईला आलेल्या अँकर ब्रुअरीचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि ‘अँकर स्टीम’ ही तेथील जुनी बिअर वाचवली. १९७६ मध्ये जॅक मॅकऑलिफ याने सोनोमा येथे न्यू अल्बियन ही चिमुकली ब्रुअरी काढली. ती काही वर्षांतच बुडाली. पण असे करता येते, हे तिने दाखवून दिले.

कायद्यानेही साथ दिली. १९७६ मध्ये छोट्या ब्रुअरींसाठी बिअरवरील केंद्रीय कर कमी झाला. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या स्वाक्षरीने घरगुती वापरासाठी बिअर बनवण्यास केंद्रीय कायद्याची मान्यता मिळाली. आपल्या स्वयंपाकघरात पातेले चढवणाऱ्या या हौशींतूनच पुढचे उद्योजक घडले. केन ग्रॉसमन हा त्यांपैकीच एक. त्याने चिको या गावी सिएरा नेवाडा ब्रुअरी काढून १९८० मध्ये पहिली बिअर तयार केली. तेथील पेल एलमध्ये ‘कॅस्केड’ हा अमेरिकेतच विकसित केलेला हॉप्सचा वाण होता. ग्रेपफ्रूट आणि देवदाराची आठवण करून देणारा त्याचा गंध हीच पुढे अमेरिकी क्राफ्ट बिअरची ओळख ठरली.

या बिअरमधील सर्वांत लोकप्रिय प्रकाराचे नाव आहे ‘इंडिया पेल एल’, अर्थात आयपीए. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधून कोलकाता, मुंबई, मद्रास येथील इंग्रजांसाठी जहाजांतून येणारी हॉप्सयुक्त एल, हे या नावाचे मूळ. अमेरिकनांनी हे नाव घेतले आणि हॉप्सचे प्रमाण अनेक पटींनी वाढवले. काही काळ तर अधिक कडू कोणाची, अशी शर्यतच लागली. पुढे चक्र पुन्हा फिरले. व्हरमाँटमधील ‘हेडी टॉपर’सारख्या बिअरनी कडवटपणा मागे ठेवून आंबा-संत्र्यासारखा रसाळ सुगंध पुढे आणला. या बिअर मुद्दाम न गाळल्यामुळे गढूळ असतात. ज्या गढूळपणापासून सुटका करून घेण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी मका आणि तांदूळ आला, तोच गढूळपणा आता उत्तमतेची खूण मानला जाऊ लागला!

जीभ खरी की लेबल?

रसिकांचा दावा असा, की आपण चवीवरून न्याय देतो. प्रयोगांचे निष्कर्ष मात्र सावध करणारे आहेत. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅलिसन आणि उल या संशोधकांच्या अभ्यासात तीनशेहून अधिक बिअर पिणाऱ्यांना लेबल काढलेल्या बाटल्या देण्यात आल्या. बहुतेकांना आपली नेहमीची बिअर ओळखता आली नाही आणि सगळ्या बिअरना जवळपास सारखेच गुण मिळाले. त्याच बिअर लेबलासह दिल्या, तेव्हा प्रत्येकाने आपल्या आवडत्या बिअरला भरघोस गुण दिले.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेला ली, फ्रेडरिक आणि एरिएली यांचा प्रयोग याहून गमतीचा. बोस्टनजवळच्या केंब्रिजमधील पबांत त्यांनी नेहमीच्या बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे काही थेंब टाकून ती ग्राहकांना दिली. काही न सांगता दिली, तेव्हा अनेकांनी तीच पसंत केली. व्हिनेगरची कल्पना आधी दिली, तेव्हा बहुतेकांनी तोंड वाकडे केले. चव घेऊन झाल्यावर सांगितले, तर मत फारसे बदलले नाही. म्हणजे पूर्वग्रह घोटाच्या आधी मनात शिरला, तर तो चवीतही उतरतो.

लेबलाचा हा महिमा दोन्ही बाजूंना लागू आहे. २००० नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्यांना कंटाळलेल्या शहरी तरुणांनी ‘पॅब्स्ट ब्लू रिबन’ ही जुनी, स्वस्त बिअर डोक्यावर घेतली. वस्तुतः पॅब्स्टने स्वतःचे कारखाने बंद केले होते आणि तिची बिअर मिलरच्याच कारखान्यांत तयार होत होती. एप्रिल २०२३ मध्ये ‘बड लाइट’ने एका पारलिंगी समाजमाध्यम-प्रसिद्ध व्यक्तीला प्रचारासाठी डबा पाठवला आणि परंपरावादी ग्राहकांनी या बिअरवर बहिष्कार टाकला. डब्यातील बिअर थेंबभरही बदललेली नव्हती. तरी खप कोसळला आणि काही आठवड्यांतच दुकानांतील विक्रीच्या रकमेत मेक्सिकोतून येणारी ‘मोडेलो एस्पेशल’ पहिली झाली.

रसिकांच्या तिरस्कारातही पुष्कळदा असाच पूर्वग्रह असतो. पातळ लागर बनवणे हे कारागिरीच्या दृष्टीने अवघड काम आहे. तीव्र हॉप्स किंवा भाजलेला माल्ट एखादा दोष झाकून टाकतो. सौम्य बिअरमध्ये तो लगेच उघडा पडतो. देशभरातील अनेक कारखान्यांत वर्षभर एकाच चवीची ‘बडवायझर’ तयार करणे, हे छोट्या ब्रुअरींचे चालकही मनोमन वाखाणतात. मात्र तिची उणीवही खरी आहे. थंडीने जीभ बधिर होते आणि सौम्य बिअर बर्फगार असेपर्यंतच सुखद लागते. ‘कूर्स लाइट’च्या लेबलावरचे डोंगर पुरेशा थंडीत निळे होतात, ते उगाच नव्हे. आयपीएचे दुखणे वेगळे. हॉप्सचा सुगंध उष्णतेने आणि काळाने उडून जातो. ती ताजीच प्यावी, असे ‘प्लिनी’च्या बाटलीवर बजावलेले असते. दुकानातील फळीवर महिनोन् महिने पडून राहिलेली नामांकित आयपीए ही ताज्या, साध्या लागरपेक्षा वाईट लागू शकते.

पणाला लागलेली निवड

आज अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक ब्रुअरी आहेत. तरीही क्राफ्ट बिअरचा वाटा एकूण खपाच्या साधारण सातवा-आठवा भागच आहे. दारूबंदीनंतर आलेल्या व्यवस्थेत उत्पादक, वितरक आणि दुकानदार हे तीन स्तर वेगळे ठेवले गेले. त्यामुळे एखादी बिअर फळीवर दिसणार की नाही, हे बव्हंशी वितरक ठरवतो आणि वितरकाचे पोट मोठ्या कंपन्यांच्या मालावर चालते. फळीवर दिसणारी विविधताही फसवी असते. २००८ मध्ये आनहायझर-बुश युरोपातील इनबेव्हच्या मालकीची झाली. तिने २०११ मध्ये शिकागोची गूज आयलंड घेतली. हायनेकेनने लागुनिटास, तर जपानच्या किरिन समूहातील कंपनीने २०२१ मध्ये बेल्स घेतली. डब्यावरचे चित्र छोट्या ब्रुअरीचे आणि मालक सातासमुद्रापार, अशी स्थिती आहे.

वाढीचा काळही सरला आहे. जपानच्या सॅपोरोच्या ताब्यात गेलेली अँकर जुलै २०२३ मध्ये बंद झाली. पुढच्या वर्षी ती एका नव्या मालकाने विकत घेतली. २०२४ मध्ये नव्याने उघडलेल्या क्राफ्ट ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक होती. दोन दशकांत प्रथमच असे घडले.

म्हणूनच कोणती बिअर चांगली आणि कोणती वाईट, हा वाद वाटतो तितका निरर्थक नाही. १९७० च्या दशकातील अमेरिकन ग्राहकाला सौम्य लागर आवडे, असे म्हणणे अर्धसत्य आहे. त्याच्यापुढे दुसरे काही ठेवलेलेच नव्हते. शंभराहून कमी ब्रुअरींच्या देशात आवड ही निवड नसून सवय होती. आज एखादा ग्राहक ‘प्लिनी’ चाखून, नाक मुरडून पुन्हा ‘मिलर लाइट’कडे वळला, तर ती त्याची खरी आवड. तिला रसिकांनीही नाव ठेवण्याचे कारण नाही. नावडतीचे मीठ खरोखरच अळणी आहे की नाही, हे ठरवायचे तर दोन्ही ताटे समोर हवीत. छोट्या ब्रुअरी टिकल्या, तरच दुसरे ताट उरेल.